आमची साखरभट्टी आणि माझा कॅन्सर

मी मंदा. वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावच्या बाजारात मला गाठीवाली काकू म्हणतात. होळी आणि पाडव्याला लेकरांच्या गळ्यात घालायच्या साखरेच्या गाठी आमच्या भट्टीवर होतात. सागवानी साच्यात दोरा ठेवायचा, वरून उकळता पाक ओतायचा, थंड झाला की साचा उघडायचा. पांढरीशुभ्र माळ हातात येते. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा धंदा आहे. आमची माळ दुसऱ्या भट्ट्यांच्या मालात मिसळून द्या, मी डोळे मिटून नुसत्या बोटांनी ओळखीन. हे मी बढाई मारायला सांगत नाही. बरं, बढाई मारायलाच सांगते.

मला कॅन्सर झाला होता. दवाखान्यातल्या एका सिस्टरनं फारच मागे लागून सांगितलं, काकू, लिहून काढा, नव्या बायांना धीर येईल. धीर येतो का नाही ते मला ठाऊक नाही. पण आमच्या घरात जी चूक झाली ती तुमच्या घरात होऊ नये, म्हणून लिहिते.

मंगळसूत्र टोचायला लागलं

दिवाळीची साफसफाई चालू होती. मंगळसूत्र मानेला एका जागी सारखं टोचायचं. हात लावून पाहिला तर कातडीखाली सुपारीएवढी गाठ. दुखत नव्हती, म्हणून मी म्हटलं, राहू दे बापडी. मग संध्याकाळचा ताप येऊ लागला, अंगाला घाम सुटू लागला, चोळी ढिली झाली. आर्वीच्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन पाहिल्या आणि शेवटी वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं गाठीचा तुकडा काढून तपासला.

निकाल सांगणारी डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची होती. म्हणाली, "काकू, लिम्फोमा आहे. हा कॅन्सरच आहे, पण औषधानं बरा होऊ शकणारा आहे. केमो वेळेवर घ्यायचे, एकही चुकवायचा नाही."

आमचे हे, म्हणजे माझे मालक वासुदेवराव, बाजूला बसले होते. त्यांनी हातातल्या पिशवीचे बंद गच्च धरले होते. माझ्या तोंडून निघालं, "बाई, होळीपर्यंत उभी राहीन ना मी?"

तिला वाटलं मी जगण्यामरण्याचं विचारते आहे. तिनं माझा हात धरला. मी म्हटलं, "तसं नाई वो बाई, सीझन आहे आमचा. आन नातीची पहिली होळी आहे."

आमच्याकडे लेकराच्या पहिल्या होळीला गाठी मामाच्या घरून, म्हणजे आजोळाहून, जाते. माझी लेक रूपाली समुद्रपूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माझ्याकडेच झालं आणि तान्ही चिऊ घेऊन ती नुकतीच सासरी गेली होती. गाठीवालीच्या नातीला दुसऱ्या भट्टीची गाठी? मेले असते तरी उठून बसले असते.

परतीच्या बसमध्ये हे पहिल्यांदा बोलले, "रूपालीले सांगाचं नाई. लेकरू अंगावर पिते तिच्या. दूध आटन."

बाळंतिणीला वाईट बातमी सांगत नाहीत, ही आमच्याकडची रीतच आहे. कुणी वाद घातला नाही. आता गंमत पाहा. रूपाली नागपूरला पीएचडी करते आहे, बाळंतपणामुळे तेवढी सुट्टीवर होती, आणि तिचा विषय आहे कॅन्सरच्या पेशीतली साखर. गाठीवाल्याची पोरगी साखरेवरच शिकते म्हणून सारा बाजार तिला चिडवायचा. अख्ख्या खानदानात ज्या एका माणसाला या दुखण्यातलं कळत होतं, नेमकं त्याच माणसापासून आम्ही ते लपवलं.

नागपूरचा फोटो

औषध सुरू व्हायच्या आधी नागपूरला अख्ख्या अंगाचा स्कॅन झाला. तिथल्या पोरानं यांच्यासमोरच मला समजावून सांगितलं, "काकू, शिरेतून गोड औषध सोडतो. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, म्हणून गाठ फोटोत चमकते."

तो खरंच बोलला. पण यांच्या काळजात ते वाक्य काट्यासारखं रुतलं. अंगणात चप्पल काढता काढता म्हणाले, "मंदा, थे साखर खाते."

"कोण?"

"गाठ. आन आपुन जिंदगीभर साखरेतच राह्यलो."

दुसऱ्या दिवशी घरातली साखर गेली. गूळ गेला. यांनी साचे पोत्यात बांधून माळ्यावर टाकले आणि भट्टीच्या तोंडावर पत्रा झाकला. यांची मोठी बहीण, आमच्या अक्का, आमच्याजवळच राहतात. त्यांच्या मोबाइलवर रोज नवा उपाय यायचा. भात बंद, केळी बंद, बटाटा बंद. मग कुणीतरी सांगितलं की भाकरीचीही पोटात साखर होते, तर ज्वारीची भाकरसुद्धा बंद! सकाळी कारल्याचा रस, दुपारी मेथीचं पाणी, रात्री उकडलेला पाला.

"अक्का, गाईलेबी सरकीची ढेप भेटते वो," मी म्हणायची.

"गप बस. गाठीले उपाशी मारून राह्यलो आपुन," अक्का म्हणायच्या. त्यांचा जीव होता माझ्यावर, म्हणून तर भांडताही येत नव्हतं. वैऱ्याशी भांडता येतं. डोळ्यांत पाणी आणून कारल्याचा पेला पुढं करणाऱ्या माणसाशी काय भांडणार?

आणि बाजारात बोलणं सुरू झालं होतं की साखरेच्या वाफेनंच झालं म्हणे मंदाकाकूला. हे मात्र मला केमोपेक्षा जास्त लागलं. ज्या भट्टीवर मी उभं आयुष्य काढलं, लेकीला शिकवलं, तीच भट्टी आता चेटकीण ठरली.

लाल बाटली

केमोचा दिवस म्हणजे पहाटेची बस, मग रांग, मग रक्ताची तपासणी, मग रिपोर्टची वाट. सगळं नीट असेल तरच खुर्ची मिळते. त्यात एक औषध लालभडक असतं, आमच्या होळीच्या रंगासारखं. नंतर लघवीही लाल होते. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, मी घाबरून ओरडलेच. तुम्ही घाबरू नका.

सुई टोचणाऱ्या सिस्टरनं माझा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "काकू, हे एवढे डाग कशाचे? स्वयंपाकात भाजलं?"

"पाकाचे आहेत. प्रत्येक सीझनचा एक."

तिनं त्या डागांवरून हलकं बोट फिरवलं आणि मग इतक्या अलगद शीर शोधली की मला कळलंही नाही. आजारपणात माणसाच्या अशाच गोष्टी आठवणीत राहतात. केस गेले तेव्हा मी रडले. पण त्या सिस्टरनं हात कसा धरला होता, ते त्याहून जास्त आठवतं.

पहिले केमो पार पडले. पुढच्या वेळी रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरीण उठूनच उभी राहिली. पांढऱ्या पेशी कमी, रक्त कमी, वजन तर पार उतरलेलं. "आज देता येणार नाही. अशानं औषधच तुम्हाला झेपणार नाही. घरी खाता काय तुम्ही?"

हे मोठ्या अभिमानानं म्हणाले, "साखर पूरी बंद केली मॅडम. भाकरबी देत नाई."

तिनं कपाळाला हात लावला. "अहो, त्यांना मधुमेह नाही, काही नाही. भाकरी द्या, भात द्या, दूध द्या, सगळं द्या."

बाहेर आल्यावर सोबत आलेल्या अक्कांनी निकाल दिला, "डॉक्टर लोकं सगळ्याइलेच असं सांगतात." यांनीही मान डोलावली. मी बाकावर बसले होते. केमोसाठी घरून आणलेली पिशवी, त्यातली चादर, पाण्याची बाटली, सगळं तसंच परत चाललं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी मरणार. कॅन्सरनं नव्हे, मायेनं.

समुद्रपूरच्या बाजारातून

माघ सरत आला होता. रूपाली समुद्रपूरच्या बाजारात चिऊसाठी टोपडं घ्यायला गेली. तिथल्या गाठीवाल्या दुकानदाराला तिनं सहज विचारलं, तळेगावचा माल आला का?

तो म्हणाला, "कुठून येईन ताई? भट्टीच बंद आहे म्हणते तुमची औंदा."

पोरगी हुशार. आमची भट्टी माघात बंद म्हणजे घरात मरण तरी आहे नाही तर मरणाच्या दारात कुणीतरी आहे, हे तिला लगेच कळलं. तिनं फोन केला नाही. फोनवर आम्ही खोटं बोलू हे तिला ठाऊक. लेकरू काखेत घेतलं, बस बदलत बदलत दुसऱ्या दिवशी दुपारी दारात उभी. मी डोक्याला रुमाल बांधून खाटेवर बसले होते.

"आई?" तिनं विचारलं. जसं अनोळखी बाईला विचारावं तसं.

मग जे रडणं झालं ते झालं. रडून झाल्यावर ती बापाकडे वळली.

"माह्यापासून लपवलं, बाबा?"

"तुहं दूध आटलं असतं वो बेटा."

"आटलं असतं तं वरचं पाजलं असतं. आई कुठं वरची भेटते का?"

तेवढ्यात तिची नजर कारल्याच्या पेल्यावर गेली आणि अक्कांनी सगळा उपाय सांगून टाकला, गाठीला उपाशी मारायचा. रूपालीनं चिऊला माझ्या मांडीवर दिलं आणि बापाच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"बाबा, भट्टीवर तुम्ही काय करता?"

"पाक घोटतो."

"आन माल किती काढाचा, कधी थांबाचं, हे कोण ठरवते?"

"तुही आई. अजून कोण?"

"आता असं समजा, पाक घोटणारा माणूस आपली जागा सोडून आतल्या खोलीत गेला. आईच्या कानाशी लागला, माल वाढव, अजून भट्टी लाव. आईबी भुलली. तिनं हुकूम सोडला, आणा साखर, घोटा जोरात. मंग तो अजूनच चेकाळला. दोघं एकमेकाले चढवून राह्यले. थांबा म्हणणारं कोणीच नाई. कॅन्सरच्या पेशीत असंच होते."

"घोटणारा म्हणजे कोण?" अक्कांनी विचारलं.

"एन्झाइम म्हणतात त्याले, आत्या. पेशीत साखर फोडाचं काम करतात थे. चांगल्या पेशीत गुमान आपलं काम करतात. कॅन्सरमधी त्यातले काही जण पेशीच्या मधल्या खोलीत शिरतात, जिथं वाढाचं का थांबाचं हे ठरते. साखर फोडणं राह्यलं बाजूले, तिथं जाऊन वाढाचा निरोप देतात. आन वाढाचा हुकूम सुटला की साखर अजून ओढल्या जाते."

हे पुढं सरकले. "मंग मी तेच तं म्हणतो! साखरच नाई दिली तं?"

"साखर बंद होतच नाई, बाबा." तिचा आवाज एकदम खाली आला. "रक्तात साखर राखाच लागते शरीराले. तोंडानं नाई दिली तं थे घरातलीच काढते. डाळीतून काढते. डाळबी नाई दिली तं अंगावरच्या मांसातून काढते. आईचे हात पाहा. दंड पाहा तिचे. गाठ उपाशी नाई राह्यली, बाबा. आई राह्यली."

यांनी माझ्या दंडाकडे पाहिलं. मी पदर ओढून घेतला, पण उशीर झाला होता.

अक्का मात्र हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. "मंग त्या चेकाळलेल्याले पकडाचं कसं?"

"त्याच्याच मागं आहो आम्ही लॅबमधी. पण आमचं शोधून, तपासून औषध व्हाले लय वेळ आहे. आईचं औषध दवाखान्यात तयार आहे. थे झेपाले तिच्या अंगात ताकद पायजे, बस. आन याचा अर्थ तिले किलोभर जिलेबी चारा असाबी नाई. माणसासारखं जेवू द्या तिले."

मला सगळं समजलं असं मी म्हणणार नाही. पण माझी पोरगी, जिला मी भट्टीच्या उबेला झोपवून गाठी पाडायचे, ती माझ्या दुखण्याच्या आत शिरून कोण कुणाच्या कानाशी लागतं ते सांगत होती. त्या घडीला माझ्या अंगात उठून उभं राहायचंही बळ नव्हतं आणि तरी छाती अशी फुगली होती की विचारू नका.

हे उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं आले ते शेजारून भाकर आणि दूध मागून. आमच्या घरात दाणाभर गोड नव्हतं, म्हणून गुळाचा खडाही मागून आणला होता. भाकर दुधात कुस्करली, गूळ टाकला, आणि माझ्यासमोर उकिडवे बसून मला घास भरवला. लग्नात घास भरवला होता त्यानंतर हाच. अक्कांनी उरलेलं कारलं शेजारच्या गाईच्या गव्हाणीत टाकलं. गाईनंही तोंड लावलं नाही.

भट्टी पेटली

रूपालीच्या सासरचे भले. होळीपर्यंत राहा म्हणाले. मी जेवू लागले. आधी दोन घास, मग चतकोर, मग अक्कांशी भांडून अर्धी भाकर जास्तीची. पुढच्या खेपेला डॉक्टरिणीनं वजन पाहिलं, रिपोर्ट पाहिला आणि सिस्टरला हाक मारली, "यांची खुर्ची लावा." मी त्या खुर्चीत अशी जाऊन बसले, जशी सरपंचीण झाले.

माळ्यावरचे साचे यांनी स्वतःच उतरवले. भिजत घातले. डॉक्टरिणीला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, धुरात नको, गर्दीत नको, भाजून घ्यायचं नाही. म्हणून मी तोंडाला मास्क लावून लांब खुर्ची टाकून बसले आणि तिथूनच हुकूम सोडत होते. दूध टाका, मळी काढा, आता लिंबू, अक्का तार पाहा, घोटा, घोटा, अरे हात मोडला का तुमचा? यांचा घाम गळत होता आणि चेहरा हसत होता. उकळत्या साखरेचा तो वास अंगणात पसरला, तेव्हा मी मास्कच्या आत ढसाढसा रडले. बाजारातल्या बायांनो, याच वाफेत मी रडले. वाफ नाही, माहेर आहे ते माझं.

एकाच साच्याच्या पाकात लिंबू मी पिळलं आणि तो साचाही माझ्याच हातानं भरला. चिऊचा.

होळीच्या संध्याकाळी लेकरं होळीत टाकायला शेणाच्या चाकोल्यांच्या, म्हणजे भोक पाडलेल्या छोट्या गोवऱ्यांच्या, माळा घेऊन चौकात जमली. आम्ही घराच्या ओट्यावरच थांबलो. मी डोक्याचा रुमाल सोडला. टक्कल तर टक्कल. चिऊच्या गळ्यात गाठी घातली तशी तिनं पहिला दाणा तोंडात कोंबला आणि लाळेनं अख्खी छाती चिकट करून घेतली. येणारी-जाणारी प्रत्येक बाई थांबून पाहत होती. पाहा म्हटलं, नीट पाहा. ही मंदाकाकू आणि ही तिची साखर.

मी त्याच माळेतला एक तुकडा मोडून यांच्यापुढं धरला. "घ्या जी. कशी झाली सांगा."

यांनी तो घेतला, रुमालात बांधला आणि खिशात टाकला. "मंग खाईन."

मला असा राग आला! रूपालीनं एवढं समजावलं तरी या माणसाच्या मनातून साखरेची भीती जात नाही. माझ्या हातची गाठी खायला नाही म्हणतो? मी दोन दिवस बोलले नाही. मग माझ्या ध्यानात आलं की हे चहाही बिनसाखरेचा पितात. लग्नाच्या पंगतीत जिलेबी शेजाऱ्याच्या पानात टाकतात. मी मनात म्हटलं, असो. भ्याला तो भ्याला.

केळझरवरून

उन्हाळ्यात केमो संपले. पुन्हा नागपूर, पुन्हा तोच स्कॅन, शिरेतून तेच गोड औषध. या वेळी रूपाली सोबत होती. डॉक्टरांनी फोटो दाखवला. मान काळी. काखा काळ्या. छाती काळी. कुठं काही नाही. वरती मात्र एक गोळा लखलखत होता, आणि हे एकदम घाबरले.

"थे काय आहे वर?"

रूपाली हसली. "मेंदू आहे, बाबा. त्याले साखर लागतेच. थो सगळ्याइचाच चमकते."

"पाहा," मी म्हटलं. "डोकं शाबूत आहे माह्यं."

रूपाली नागपूरलाच थांबली. आम्ही दोघं परत निघालो तर हे वर्ध्याच्या बसमध्ये चढायला लागले. तळेगावला सरळ हायवेनं जायचं सोडून एवढा वळसा कशाला, उन्हाचा? मी वाद घातला. हे म्हणाले, "केळझरवरून जाऊ." मी म्हटलं बरं, गणपतीला हात जोडायचे असतील.

टेकडीवरच्या देवळात दुपारची गर्दी नव्हती. यांनी खिशातून रुमाल काढला. त्यात होळीचा तो गाठीचा तुकडा. रुमालात राहून पिवळट पडलेला. त्यांनी तो देवापुढं ठेवला, डोकं टेकलं आणि उठताना माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नागपूरचा पहिला फोटो निघाला, त्याच हप्त्यात एकटाच इथं आलतो. नवस बोललो होतो त्याले. मंदा बरी होत नाई तोवर माह्या तोंडात गोड नाई."

साखरेच्या भट्टीवर जन्मलेला माणूस. पाक घोटता घोटता हाताला लागलेला थेंब चाटायची ज्याला खोड. सबंध सीझन त्या वाफेत उभा राहून त्यानं बोटसुद्धा तोंडात घातलं नव्हतं, आणि मी दोन दिवस तोंड फिरवून बसले होते. "सांगाचं नाई का मले?" मी म्हटलं. "सांगून कसं चालन?" ते म्हणाले.

त्यांनी तुकडा मोडला. अर्धा मला दिला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला. डोळे मिटून हळूहळू चघळत राहिले. मी वाट पाहत होते.

"कशी झाली?"

"लिंबू जराक जास्त पडलं तुह्या हातून," ते म्हणाले, आणि लेकरासारखे हुंदके देऊन रडायला लागले.